भाड्याची गाडी मनासारखी निघाली नाही तर? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लग्नसराईत तीन-चार दिवसांसाठी स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेणारे आता जळगाव-धुळ्यातही पुष्कळ आहेत. तक्रारी वाचताना एक गोष्ट आधी ठरवावी लागते: हा गाडीचा मूळ स्वभाव आहे की बिघाड? स्वभाव असेल तर चालवण्याची पद्धत बदलायची. बिघाड असेल तर मालकाला लगेच कळवायचं.

गाडी पळताना एसी बरा चालतो, पण भुसावळला फाटकापाशी किंवा सिग्नलला उभी राहिली की गरम हवा येते. गॅस भरून घेऊ का? (भुसावळ)

घाई करू नका. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर (समोरच्या जाळीमागचा, एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) थंड करतो, उभी राहिली की सगळा भार पंख्यावर येतो. म्हणून आधी पंखा बघा. इंजिन चालू, एसी चालू ठेवून बोनेट उघडा आणि हात लांब ठेवून थांबा. मिनिटभरात पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटार गेली आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत रेडिएटरलाही हाच पंखा असतो, त्यामुळे पाठोपाठ इंजिनही तापेल. अशी गाडी पुढे नेऊ नका, बदलून मागा.

पंखा फिरतोय तरी थंडावा नाही, तर समोरच्या जाळीतून कंडेन्सर बघा. आपल्याकडच्या धुळीने आणि हंगामात उडणाऱ्या कापसाने तो गच्च भरतो. इंजिन थंड असताना साध्या नळीच्या पाण्याने धुवून घ्या. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. हवा थंड आहे पण झोतच कमी, असं असेल तर केबिन फिल्टर तुंबलेला असतो. तो बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, काढून झटकला तरी फरक पडतो. एवढं करूनही जमलं नाही, तरच गॅस कमी असल्याचा संशय घ्या. तो भरायचा तर मालकाची लेखी संमती आधी घ्या, व्हॉट्सअॅपवरची चालेल.

आणि ४४-४५ अंशांत उन्हात उभी केलेली छोटी गाडी गार व्हायला दहा-पंधरा मिनिटं घेणारच, त्यात बिघाड नाही. पहिली दोन मिनिटं काचा खाली करून कोंडलेली हवा जाऊ द्या, मग काचा चढवून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा.

पाच जण आणि सामान घेऊन तोरणमाळला गेलो. सीएनजीची ऑटोमॅटिक गाडी चढावर दम टाकत होती, जळका वासही आला. उतरतानाही वास आला. (शहादा)

दम टाकणं हा स्वभाव. सीएनजीवर ताकद साधारण दहा टक्के कमी मिळते. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे, टर्बो नसलेलं इंजिन तिथल्या विरळ हवेत आणखी तेवढंच गमावतं. घाटाच्या पायथ्याशीच बटण दाबून पेट्रोलवर या आणि चढताना एसी बंद ठेवा.

वासाचं मात्र मनावर घ्या. दोन्ही वास वेगळे होते. छोट्या गाड्यांतली ‘ऑटोमॅटिक’ बहुधा एएमटी असते, म्हणजे आत साधाच क्लच, तो दाबण्याचं काम फक्त यंत्र करतं. चढावर थांबल्यावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर हलका देऊन गाडी धरून ठेवली की हा क्लच घासून जळतो. थांबलात की पाय ब्रेकवर, निघताना हँडब्रेक लावून ॲक्सिलरेटर द्या, गाडी ओढ घेऊ लागली की मगच हँडब्रेक सोडा. मॅन्युअल मोडमध्ये टाकून पहिला-दुसरा गिअर तुम्हीच ठरवा. नाहीतर ती नेमकी वळणावर गिअर बदलते आणि ओढ तुटते.

उतरतानाचा वास ब्रेकचा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे वेग इंजिन रोखून धरतं. ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबा आणि सोडा, सतत पाय ठेवू नका. पेडल मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल गेलं तर ब्रेक ऑइल उकळू लागलं आहे असं समजा. वळण सोडून रुंद जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकापुढे दगड लावा, वीस-पंचवीस मिनिटं थांबा. तापलेल्या ब्रेक डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

गाडी ८० च्या पुढे जातच नाही. इंजिन गेलंय का? (चोपडा)

काही भाडेगाड्यांना ताशी ८० किलोमीटरला वेगमर्यादक लावलेला असतो. दर वेळी नेमक्या त्याच आकड्यावर ओढ थांबत असेल तर तेच कारण. पण इंजिनाचा आवाज आणि फेरे (आरपीएम) चढतात, वेग मात्र वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय, गाडी परत करा.

मर्यादक असलेली गाडी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर विशेष जपून चालवा. रावेर-सावद्याकडचे केळीचे ट्रक ओलांडताना ऐन वेळी वेग मिळत नाही. ट्रक ६५-७० ने चालला असेल तर त्याच्या मागेच राहा.

अॅव्हरेज २२ सांगितलं होतं, १५ च मिळालं. (पाचोरा)

कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. डॅशबोर्डवरच्या आकड्यावरही जाऊ नका. टाकी पंपाच्या पहिल्या कटपर्यंत, म्हणजे नळी आपोआप पहिल्यांदा बंद होईपर्यंत भरा, दीडशे-दोनशे किलोमीटर चालवा, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरना लिटरने भागा. त्याआधी टायरची हवा तपासा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो, टायर थंड असतानाच मोजायचा.

परत करताना जुन्या ओरखड्यांचे पैसे अनामतीतून कापले. पुढच्या वेळी काय काळजी घेऊ? (अमळनेर)

ताब्यात घेतानाच चारही बाजू, रिम, समोरची काच, छत, किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढा आणि तिथूनच मालकाला पाठवा. परत करताना पुन्हा तसाच काढा. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

त्याच वेळी डिकीत स्टेपनी, जॅक आणि पाना बघा. टायर कधी बनला ते त्याच्या कडेवरचे चार आकडे सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर गाडी घेऊ नका. भाडेगाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. स्वस्त मिळते म्हणून हा धोका पत्करू नका.

फास्टॅगची शिल्लकही विचारा. राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल बसतो. तो फरक कोण देणार, हे मालकाकडून लिहून घ्या.