नॉब नंतर, आधी पाणी

तुझं म्हणणं असं की एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे गरम नळीत (बॅरल) स्क्रूने पीठ रेटून तोंडाच्या साच्यातून (डाय) काढणाऱ्या मशीनमध्ये, सोया वडी डायमधून दिसायला छान निघते, फुगतेही, पण गरम पाण्यात भिजवून बोटांनी ओढली की तंतू नाहीत, नुसता भुगा हातात येतो. आणि यावर तू काय केलंस, तर बॅरल १४० अंशांवरून १५० ला नेला, मग १६० ला, मग स्क्रूचा स्पीड वाढवला, मग परत टेम्परेचर. सगळं व्यवस्थित लिहिलंस ग. फक्त पिठात पाणी किती होतं ते एकदाही लिहिलं नाहीस. काहून?

नॉबला हात लावायच्या आधी पाणी मोज. हे मी तुला समोर बसवून सांगितलंय, आता लिहून देतो.

हिशोब कर. फीडरमधून ताशी १०० किलो पीठ जातंय, त्यात ८ टक्के ओल आहे असं धर. बॅरलमध्ये एकूण २५ टक्के हवंय तर वरून साधारण २२.७ किलो पाणी सोडायचं. आता पावसाळा लागला, गोडाऊनमधल्या पोत्यांनी ओल धरली आणि तेच पीठ ११ वर गेलं. पंप तिथेच, फीडर तिथेच, तू कशालाच हात लावला नाहीस आणि आत २७.५ टक्के झाले. उलट मे महिन्यात आपल्या नागपूरच्या हवेत तेच पीठ ६ वर आलं तर आत २३.४. स्क्रीनवर तिन्ही दिवशी तेच आकडे दिसतात आणि तू म्हणतेस मशीन लहरी आहे.

मशीन लहरी नाही. कोरडं प्रोटीन बॅरलमध्ये वितळत नाही, त्याला सैल करतं ते पाणी. पाणी जास्त झालं की आतला माल पातळ होतो, स्क्रूला जोर लागत नाही, मोटरचे अँपिअर पडतात, आणि घासण्यातून जी उष्णता तयार व्हायला हवी तीच होत नाही. मग तू बाहेरून हीटर वाढवतेस, पण स्क्रीनवरचे १६० हे बहुतेक भिंतीजवळचे असतात, मधल्या मालाचे असतीलच असं नाही. रेणू उलगडून, प्रवाहाच्या दिशेने ताणले जाऊन एकमेकांना धरतात तेव्हा तंतू होतो. डायच्या तोंडाशी प्रेशर सुटलं की पाण्याची वाफ होते त्याने वडी फुगते, पण फुगणं वेगळं आणि तंतू धरणं वेगळं, तू फुगलेलं बघून खूश झालीस.

पाणी नीट करूनही भुगाच आला तर पिठाचा पीडीआय बघ, म्हणजे त्यातलं किती प्रोटीन पाण्यात पसरतं तो आकडा. तेल काढल्यावर पीठ जास्त भाजलं गेलं असेल तर त्यातलं प्रोटीन आधीच आखडलेलं असतं आणि कुठलाही स्क्रू त्याला परत उलगडत नाही. पण हे दुसरं. पहिलं पाणी.

आता तुझा खरा घोर, जो तू शेवटच्या दोन ओळीत लपवलास. फूड टेक्नॉलॉजी शिकून सिरॅमिक हनीकोंबच्या, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या, कामाला गेलं तर शिकलेलं वाया जाईल, घरचे म्हणतात बुटीबोरीची नोकरी धर. घरच्यांचं मी काही बोलत नाही, त्यांना पगाराची तारीख दिसते आणि ते बरोबर आहे. पण "वाया" हा शब्द मला लागला.

गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो ना, त्याच्या आतली ती बारीक जाळी बहुतेक वेळा कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची असते, आणि ती एक्स्ट्रुजननेच, म्हणजे अशीच डायमधून दाबून, निघते, कॉर्निंग या अमेरिकन कंपनीने १९७० च्या दशकात त्यासाठीची डाय बसवली. त्यात पावडर धरून ठेवायला बाइंडर म्हणून मिथाइल सेल्युलोज घालतात, ते थंड पाण्यात विरघळतं आणि गरम झालं की घट्ट होतं. म्हणून तिथे बॅरल गरम नाही करत, थंड ठेवतात. तुझ्या वडीच्या बरोब्बर उलट! पण विचारायचं तेच, पाणी किती आणि ते कुठे चाललंय. पेस्ट फार हळू दाबली तर पाणी पुढे पळतं आणि कोरडी पावडर मागे अडकते, डायमधून आधी ओला तुकडा येतो आणि मग प्रेशर चढतच जातं. जाळी निघाल्यावर वाळवताना वरचा थर आधी आकसला की भेग पडली, आणि मे मधली इथली लू तर भेगाच पाडायला बसलेली असते, ओलं गोणपाट टाकून हळूहळू वाळवावं लागतं. मेण आणि पॉलिमर घातलेलं जे थर्मोप्लास्टिक सिरॅमिक असतं त्यात पाणीच नाही असं तू म्हणशील. तरी पावडर आधी वाळव, तिने हवेतून धरलेली ओल गरम बॅरलमध्ये वाफ होते आणि तुकड्यात फुगे राहतात. मेण काढायला भट्टी घाईत चढवलीस तरी फुगेच. बघ, कुठेही जा, मोजायचं तेच.

मी एका कारखान्यात असताना रात्रीच्या शिफ्टला पीठ ओलं आलं म्हणून लाइन सुरूच करू दिली नव्हती. मोजून होईपर्यंत नाही म्हणजे नाही. सकाळी वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर टनांचा हिशोब मागितला, माझ्याकडे ओलाव्याचा होता, तो कोणाला नको होता. पुढे बढती दुसऱ्याला गेली. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू, पोरांच्या फिया भरायचे दिवस होते. पण त्या रात्री लाइन चालवली असती तर गोण्याच्या गोण्या भुगा झाला असता आणि सकाळी तो बाजारात गेला असता. आज परत ती रात्र आली तरी मी थांबवीन. लोक हट्टी म्हणाले, म्हणू दे. खंत वेगळीच आहे, मी तिथून निघालो तेव्हा ही सवय ज्याच्या हातात द्यावी असं कोणी मागे ठेवलं नाही. म्हणून तुझ्यामागे लागलोय हे तुलाही कळतं.

कुठे जायचं ते तू ठरव, मला विचारशील तर हनीकोंब, कारण वडीवर तुझा हात बसलेला आहे आणि दुसरा माल हाताळल्याशिवाय पहिल्याचं नीट कळत नाही. पण हे पुढच्या आठवड्यात बोलू. आधी उद्या सकाळी तीन पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून पीठ घे, ओव्हनमध्ये १०५ वर वजन स्थिर होईस्तोवर ठेव. फीडरखाली बादली धरून पाच मिनिटांचं पीठ खरंच तोल, स्क्रीनवरचा आकडा मला नको. पाण्याच्या पंपाचंही तसंच. मोटरचे अँपिअर दर दहा मिनिटांनी वहीत लिही. हे सगळं फोटो काढून पाठव, आणि तोवर बॅरल १४० ला परत आण आणि त्याला कोणाला हात लावू देऊ नकोस, तुझ्या गाइड सरांनाही नाही.