लोड गाडीचा गिअर : घाटाआधीच ठरव

भावा, लोड गाडीचा गिअर हात नाही, कान टाकतो. इंजिन रडायला लागलं की वेळ आधीच गेलेली असते, त्याच्या थोडं आधी खालच्या गिअरवर ये. सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नसलेली जुनी गाडी असेल तर डबल क्लच शिकच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जराशी रेस, परत क्लच, मग खालचा गिअर. रेस बरोबर बसली की दांडा दोन बोटांनी आत जातो. 'खर्रर्र' झालं तर जोर लावू नको, परत रेस दे.

इगतपुरीकडून कसारा घाट उतरताना गिअर माथ्यावरच खाली पाड, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) चालू ठेव. मध्येच पाडायला गेलास आणि खालचा बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेकचे लायनर (घासणारे पट्टे) तापून पकड सोडतात. माझ्या क्लिनरला जळका वास आधी आला होता, मला नंतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको. उतारावर पाय उचललेला असला तरी आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा लाल पट्ट्यात जाऊ शकतो, तेव्हा आधी ब्रेकने वेग उतरव.

आणि क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय आजच मोड. त्याने क्लच प्लेट झिजते, आणि तिचा खर्च मालक तुझ्याच पगारातून कापेल.