शिट्टी तुझ्या हातात आहे, कोचच्या नाही

प्रश्न: मी 19 वर्षांचा आहे, वर्षभर झालं शाळकरी मुलांच्या फुटबॉल मॅचना रेफरी म्हणून उभा राहतो. उन्हाळ्यात कधीकधी दिवसाला तीन मॅच असतात. मागच्या आठवड्यात सेकंड हाफमध्ये एक पोरगा मैदानातच खाली बसला, कोच ओरडले, नाटकं करतोय, चालू दे. मी चालू दिलं. पोरगा ठीक आहे पण माझ्या मनातून ते जात नाहीये. मला मॅच थांबवायचा अधिकार आहे का? आणि शेवटी शेवटी माझंच डोकं भणभणतं, त्याचं काय?

उत्तर: अधिकार आहे की. फुटबॉलच्या नियमांतला नियम 5 एकदा शांतपणे वाच, हवामान खेळण्यासारखं आहे की नाही हे रेफरी ठरवतो आणि मॅच अर्धवट सोडायचीही मुभा त्याला आहे. आता ब्रेकचं. नियम 7 मध्ये दोन वेगळे ब्रेक आहेत आणि लोक त्यांची कायम खिचडी करतात. ड्रिंक्स ब्रेक जास्तीत जास्त 1 मिनिटाचा, तो पाणी प्यायला. कूलिंग ब्रेक 90 सेकंद ते 3 मिनिटं, तो अंग थंड करायला, म्हणजे सावलीत जा, डोक्यावर पाणी घ्या, मानेवर ओला टॉवेल टाका. दोन्हींचा वेळ शेवटी भरून द्यायचा. फक्त स्पर्धेच्या नियमांत हे ब्रेक असायला लागतात, म्हणून आयोजकांना आदल्या दिवशीच विचार आणि टॉसच्या वेळी दोन्ही कोचना सांगून टाक की अमुक मिनिटाला थांबणार. आधी सांगितलं की कुणी भांडत नाही, ऐनवेळी थांबवलं की जो हरतोय त्याला वाटतं तू मुद्दाम केलंस!

थांबायचं कधी? फिफाच्या मोठ्या स्पर्धांत 32 अंश सेल्सिअसचा आकडा धरायचे, पण तो मोबाईलमधल्या तापमानाचा नाही बरं का, त्यात दमटपणा, ऊन, वारा सगळं मोजलेलं असतं. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, त्यामुळे नुसतं तापमान बघून फसशील. आणि तो आकडा कसलेल्या मोठ्या खेळाडूंसाठी होता, पोरांसाठी मी त्याच्या बरंच आधी थांबतो. कृत्रिम टर्फ असेल तर अजूनच आधी, ते गवतापेक्षा खूप तापतं.

त्या पोराबद्दल. खाली बसलेला मुलगा नाटक करतोय की नाही हे ठरवणं तुझं काम नाही, कोचचंही नाही. शिट्टी मार, जवळ जा, स्कोअर काय झालाय विचार. उत्तर भलतंच आलं, पाय लटपटतायत, उलटी होतेय, तर उष्माघात समजूनच चाल, आणि घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही या भ्रमात राहू नकोस, धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम येतच असतो. एकाने अँब्युलन्सला फोन करायचा, बाकीच्यांनी तिथल्या तिथे थंड करायला लागायचं, मोठा टब असेल तर गार पाण्यात बसवायचं, नसेल तर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. गाडीची वाट बघत नुसतं उभं राहू नका. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

आता तुझं डोकं. खेळाडूला बदली मिळतो, तुला कोण देणार? माझंच सांगतो, एकदा सलग दुसऱ्या मॅचला मी थ्रो-इन उलट्या टीमला दिला, पोरं हसली, मीही हसलो, आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं की पहिल्या हाफमध्ये किक-ऑफ कोणी केला होता तेच मला आठवत नाहीये. पायांच्या आधी डोकं जातं आणि ते गेलंय हे त्याच डोक्याला कळायचं असतं, म्हणून हल्ली मी सहायकाला सांगून ठेवतो, मी बावळटासारखा दिसलो तर आवाज दे. शिवाय पोरं पाणी पितात तेव्हा आपण कोचच्या तक्रारी ऐकत उभे असतो, तर आधी स्वतःची बाटली, तक्रारी नंतर. पण म्हणून लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसू नकोस, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. तिसऱ्या मॅचला सरळ नाही म्हण. सीझनच्या सुरुवातीला तर नक्कीच, शरीराला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात.

प्रश्न: माझी मुलगी 11 वर्षांची आहे, गोलकीपर आहे. उन्हात टोपी घातली तर रेफरी काढायला लावतील का?

उत्तर: नाही लावणार, गोलकीपरच्या टोपीला नियमात परवानगी आहे. पण टोपीपेक्षा एक करा, लहान वयोगटात बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत येऊ द्यायची सोय नियमांत करता येते, ती आपल्या स्पर्धेत आहे का ते आयोजकांना विचारा. असेल तर कोचना सांगा तिला मधून मधून सावलीत बसवा, गोलकीपर धावत नाही म्हणून तिला ऊन लागत नाही असं सगळे धरून चालतात!