लॉकडाऊनच्या वर्षात तुम्ही घरी बाग केली होती का? घरच्यांना आणि तुमच्या श्रद्धेला तिचा काही आधार झाला का?

हो, केली होती. म्हणजे सासूबाईंनी खुर्चीवर बसून आमच्याकडून करून घेतली. श्रद्धेचं विचारलंत, त्याचं उत्तर मात्र 'वाढली' किंवा 'कमी झाली' असं एका शब्दात देता येणार नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

आमचं घर पुण्यात धनकवडीतल्या एका जुन्या चार मजली इमारतीत, सगळ्यात वरचं. नवरा एका कारखान्यात, मी घरून हिशेबाची कामं करते, मुलगा तेव्हा पाचवीत. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. त्या माळशिरस तालुक्यातल्या गावी एकट्या राहायच्या. मार्चच्या सुरुवातीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या, एका डोळ्याचं झालं, आणि पाडवा करून परत जायचं ठरलं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री लॉकडाऊन, २५ ला पाडवा. त्यांनी भरून ठेवलेली पिशवी पुढे कितीतरी दिवस दाराशी तशीच उभी होती. उचलून आत ठेवते म्हटलं की म्हणायच्या, "राहू दे गं, गाड्या सुरू झाल्या की निघायचंच हाय."

वाकू नका, धूळ लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जन्मभर रान केलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे हातपाय बांधणंच. देऊळ बंद, भजनी मंडळ गावाकडं, दिवसातून चारदा डोळ्यात थेंब. उरलेल्या वेळात टीव्हीवर आज किती रुग्ण वाढले ते बघायचं. नवऱ्याचा पगार एप्रिलपासून ३० टक्के कमी आला. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, बोललं की भांडण व्हायचं.

बागेची सुरुवात एका अपमानानं झाली. गॅलरीत माझी एक तुळस होती, अर्धी वाळलेली. आत्यांनी तिच्या मातीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "पाण्यानं मारलीस की गं हिला." खरंच होतं ते. मी रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायचे, कुंडीचं भोक मातीनं बुजलेलं, मुळं कुजत आलेली. त्यांनी ती उपसायला लावली, काळी पडलेली मुळं काढायला लावली, तळाला नारळाच्या शेंड्या घालून पुन्हा लावायला सांगितली. शेंड्याला आलेल्या मंजिऱ्या खुडायला लावल्या, कारण बी धरायला लागलं की तुळस पानं धरत नाही. महिन्यात ती हिरवी झाली. मग त्यांचा उत्साह आवरेना.

नर्सरी बंद, भाजीची गाडी दोन-तीन दिवसांनी यायची आणि पालेभाजी आमच्यापर्यंत पोचेस्तोवर संपायची. आत्या म्हणाल्या, "डब्यात मेथी हाय की!" तुम्हालाही हेच सांगेन, पहिलं बियाणं स्वयंपाकघरातच असतं. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत वर येतात आणि महिन्याच्या आत भाजीला होतात. धने हलक्या हातानं रगडून दोन फाकी करून पेरायचे, पण त्यांना आठ-दहा दिवस लागतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात कोथिंबीर रुसते, ती सावलीतच लावावी. उपवासाचा राजगिरा आणला असेल तर तो मूठभर भुरभुरवा, उन्हाळ्याला तो दाद देत नाही. (लाह्या पेरू नका. हसू नका, आमच्या चिरंजीवांनी पेरल्या होत्या.) बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की लावायच्या. पिकून गळलेला टोमॅटो पिळून आम्ही रोपं केली, ती वाढली झकास, पण उन्हाच्या कडाक्यात फुलं गळत राहिली आणि फळ धरलं ते थेट ऑक्टोबरात.

भांडी म्हणाल तर रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, फळवाल्यानं टाकलेली थर्माकोलची खोकी. सगळ्यांना खालून भोकं पाडली. आत्यांना वाकायचं नव्हतं म्हणून जुन्या टेबलावर आणि विटांवर मांडली, आणि त्याचा आयता फायदा असा की गच्चीवर ओल राहिली नाही. सोसायटीचे चेअरमन गळतीच्या नावानं भांडायला आले होते, ते खोक्यांखाली हात घालून बघून निमूट परत गेले. ओली माती फार जड असते, म्हणून खोकी गच्चीच्या मधोमध मांडण्यापेक्षा कठड्याच्या कडेनं ठेवा.

माती कमी पडली म्हणून खत सुरू केलं. भोकं पाडलेल्या बादलीत वाळक्या पाल्याचा थर, त्यावर भाजीची देठं आणि सालं, पुन्हा पाला, वरून आंबट ताकाचा हबका. तीन-चार दिवसांनी हलवायचं. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, पाला वाढवा. पंधरा दिवसांनी त्यात पांढऱ्या अळ्या वळवळताना बघून मी बादली फेकायला निघाले होते. आत्यांनी अडवलं, "खात्यात त्या, खाऊ दे." त्या खरोखर निरुपद्रवी असतात आणि कचऱ्याचा फडशा पाडतात. जूनमध्ये चहाच्या भुकटीसारखं काळं खत निघालं.

आता वारीकडं येते.

आत्या माळकरी. आळंदीच्या माउलींच्या पालखीबरोबर डोक्यावर तुळस घेऊन त्या १९ वर्षं चालल्या होत्या. २०२० ला विसावी वारी. देहूचं प्रस्थान १२ जूनला आणि आळंदीचं १३ जूनला झालं, पण मोजक्या माणसांत, आणि पालखी रस्त्यावर आलीच नाही. दिंडीतल्या बायकांचे फोन यायचे, सगळ्या एकमेकींना सांगायच्या की आज आपण सासवडला असतो, आज जेजुरीला. ३० जूनला पादुका एसटीतून पंढरपूरला निघाल्या. आत्या टीव्हीसमोर हात जोडून बसलेल्या. गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाल्या, "माउलीबी यष्टीनं निघाली आवंदा." आणि मग स्वतःच हसल्या.

शेजारच्या काकूंनी सुचवलं, गच्चीवर रोज इतक्या चकरा मारा, तितके किलोमीटर झाले की तुमची वारी पोचली. हेतू चांगला होता. आत्यांनी मान डोलावली आणि काकू गेल्यावर मला म्हणाल्या, "वारी म्हंजे चकरा व्हय? वारीला मान्सं लागत्यात." त्यांनी एकही चक्कर मारली नाही. त्याऐवजी त्या खुर्ची घेऊन दोडक्यापाशी बसल्या आणि नातवाला सावता महाराजांची गोष्ट सांगितली. आत्यांचं माहेर माढा तालुक्यात, अरणच्या जवळ. अरणचे सावता माळी मळा सोडून कधी पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असं तिकडं लहानपणापासून कानावर पडतं. मुलानं विचारलं, "मग तू एकोणीस वर्षं कशाला चाललीस?" आत्या बराच वेळ वेल दोरीला गुंडाळत राहिल्या. म्हणाल्या, "त्येंचा मळा हुता. माझं रान सावकाराकडं हुतं." ही गोष्ट तोवर मलाच काय, नवऱ्यालाही माहीत नव्हती. सासरे वारल्यावर रान पाच वर्षं गहाण होतं आणि ते सुटावं म्हणून त्यांनी पहिली वारी बोलली होती. पंधरा वर्षं मी त्या घरची सून आहे, आणि हे मला कळलं ते दोडक्याच्या वेलाखाली.

दोडक्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. तो मृगात लावा, म्हणजे ७-८ जूनच्या सुमाराला. त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. आमच्याकडं सुरुवातीला फुलं यायची आणि गळायची, एक फळ धरेना. आत्यांनी दाखवलं की मादी फुलाच्या मागं बोटाएवढा दोडका मुळातच असतो, नर फुलं घोसानं येतात आणि त्यांच्या मागं नुसता देठ. चौथ्या मजल्यावर फुलपाखरं-पतंग फारसे फिरकत नाहीत, तेव्हा परागाचं काम आपणच करायचं. संध्याकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाला अलगद टेकवायचं. मुलानं हे काम इतकं मनावर घेतलं की ऑनलाइन शाळेत विज्ञानाच्या बाईंनाच शिकवायला लागला. त्या मोसमात ११ दोडके निघाले. चार माणसांच्या घराला हे काहीच नाही. गच्चीवरच्या भाजीनं बाजाराची पिशवी सुटते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ऐन बहरातही आठवड्यातून दोन वेळची भाजी निघायची.

पण ऋषिपंचमीची भाजी मात्र संपूर्ण गच्चीवरची झाली. गणपती २२ ऑगस्टला बसले, दुसऱ्या दिवशी पंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, म्हणून ही भाजी नांगर न लागलेल्या जागेतली, परसातली असते. आळू, माठ, दोडका, मक्याचं एक कणीस, चिंचेचा कोळ. पुण्यात आल्यापासून मी ती बाजारातून आणायचे आणि ती बैलाविना पिकली असं मानून घ्यायचे. त्या वर्षी मानावं लागलं नाही. आत्या पहिला घास घेऊन म्हणाल्या, "मीठ कमी हाय." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

सप्टेंबरात आत्यांचा धाकटा भाऊ करोनानं गेला. पाच दिवसांत. दवाखान्यातूनच परस्पर नेलं, आम्हाला कुणालाही जाता आलं नाही. आत्या रडल्या नाहीत. देवघरातल्या विठोबाकडं बघून एवढंच म्हणाल्या, "एकोणीस येळा आले मी तुझ्याकडं. तुला एकदा यायला काय झालं हुतं?" आणि त्यांनी जपाची माळ डब्यात ठेवून दिली.

सुतक फिटलं, तरी माळ बाहेर आली नाही. दिवा नाही, भजन नाही, एकादशीला मुकाट जेवल्या. अधिक महिना लागला होता, एरवी या महिन्यात त्यांचं काय काय चाललेलं असतं. मी फारशी देवभोळी नाही, सणापुरती आणि अडचणीपुरती. पण त्या बाईनं देवाशी अबोला धरलेला बघून मलाच घरात भीती वाटायला लागली. नवऱ्याचं उलट झालं. ज्याला कधी आरती पाठ नव्हती तो रोज सकाळी स्तोत्रं लावायला लागला, त्या काळात फोनवर आलेला प्रत्येक तोडगा आम्हाला ऐकवायचा. एकाच घरात एकाची श्रद्धा चढत होती, एकीची उतरत होती, आणि मी मधल्यामधे तुळशीला पाणी घालत होते.

तुळशीला तेव्हा पिठ्या ढेकूण लागला होता. पांढरी कापसासारखी कीड, काड्यांच्या बेचक्यांत. साबणाचं पाणी लावते म्हटलं तर आत्या इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तावातावानं बोलल्या, "तुळशीला साबण लावत्यात व्हय?" शेवटी कडुनिंबाच्या तेलावर तडजोड झाली. पण पाण्यात तेल मिसळायला चिमूटभर साबण लागतोच, तो मी त्यांच्या नकळत घातला. (आत्या हे वाचत नाहीत.) कापसाच्या बोळ्यानं एकेक बेचकं पुसायचं, दर चार दिवसांनी. माझं काम त्यांना पटेना म्हणून त्याच करायला बसल्या. विठोबाशी बोलणं बंद, आणि त्याच्या तुळशीची सेवा रोज तासभर. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "भांडान त्याच्याशी हाय. हिनं काय केलंय?"

तुम्ही विचारलेल्या श्रद्धेचं माझ्याकडं इतकंच उत्तर आहे. अबोला धरायला समोर कुणीतरी असावं लागतं. ज्याच्यावर विश्वासच उरला नाही त्याच्याशी माणूस दोन महिने रुसून बसत नाही. जनाबाईनंही विठोबाला शिव्या घातल्यात, हे मला पुढं आत्यांनीच सांगितलं, जरा अभिमानानं.

१६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली देवळं उघडली. आत्या गेल्या नाहीत. तुळशीचं लग्न आलं तेव्हा मात्र विचारलं, "ऊस मिळंल का गं?" मंगलाष्टका नवऱ्यानं म्हटल्या, वाईट चालीत. त्या रात्री माळ डब्यातून बाहेर आली. काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना माहीत.

एक अडचण मात्र शिल्लक राहिली. पावसाळ्यात मंजिऱ्या खुडायच्या राहून गेल्या होत्या, त्यांचं बी वाऱ्यानं सगळ्या खोक्यांत पडलं आणि मेथीत, पालकात, जिथं तिथं तुळशी उगवल्या. मी तण म्हणून उपटायला गेले तर आत्यांनी हात धरला. तुळस उपटायची नाही. चाळीसेक रोपं होती. शेवटी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून इमारतीत, दूधवाल्याला, वॉचमनला, सोसायटीच्या चेअरमनना वाटली. चेअरमननी दोन नेल्या.

२०२१ ची आषाढीही एसटीतच गेली. २०२२ ला पालखी पुन्हा रस्त्यानं निघाली. आत्या पुण्याहून चालू लागल्या, दिवेघाट चढल्या आणि सासवडला गुडघ्यानं दगा दिला. आम्ही गाडीनं घ्यायला गेलो. डोक्यावरची तुळस गच्चीवरचीच होती. ती दिंडीतल्या दुसऱ्या बाईकडं दिली आणि दोनदा सांगितलं की पाणी जपून घाल, मुळं कुजत्यात.

आता त्या गावी असतात, गच्ची मी सांभाळते. दोडका दरवर्षी लावते. सहा-सातच्या वर काही जात नाही. मुलगा दहावीनंतर संध्याकाळी घरी नसतो.