शेपूट नसलेले माझे मानवरहित विमान सिम्युलेटरमध्ये पंधरा मिनिटांनी का उलटते?

आपला प्रश्न असा आहे की, एक्स-प्लेन या संगणकावरील विमान-सिम्युलेटर गेममध्ये आपण स्वतः आखलेले शेपूट नसलेले मानवरहित जेट विमान व्यवस्थित उड्डाण घेते, दहा-पंधरा मिनिटे सरळ उडते आणि मग अचानक नाक वर करून कोलमडते. तर चूक आराखड्यात आहे की गेममध्ये? विमान सुरुवातीला नीट उडते, हाच यातील महत्त्वाचा धागा आहे. मला विचाराल तर आपण प्रथम इंधनाच्या टाकीची जागा तपासावी.

मी कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीसाठी लागणारे पॅटर्न तयार करतो; विमानशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. मात्र नेमका हाच घोटाळा मीही केला होता, आणि तो उमगायला मला तीन आठवडे लागले. माझ्या विमानाच्या पंखांचा एकूण विस्तार 4 मीटर, पंखाची पुढून मागपर्यंतची सरासरी रुंदी अर्धा मीटर आणि इंधनासह वजन 20 किलो होते. इंजिन मागे असल्यामुळे विमान मागच्या बाजूला जड होत होते, म्हणून तोल साधण्यासाठी मी 4 किलो इंधनाची टाकी नाकाकडे, गुरुत्वमध्याच्या 20 सेंटिमीटर पुढे बसवली. कागदावर सगळे जमले होते, आणि त्या वेळी मला ती मोठी हुशारी वाटली होती.

विमानाचे नाक जरा वर गेले की पंखावर जादा उचल, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, निर्माण होते, आणि ही जादा उचल एका ठरावीक बिंदूवर लागू होते, ज्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या पुढे असेल तर तीच जादा उचल नाक परत खाली आणते. मागे असेल तर नाक आणखी वर ढकलते. शेपूट नसलेल्या विमानात हे अंतर पंखाच्या सरासरी रुंदीच्या 5 ते 10 टक्के ठेवावे असा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे माझ्या विमानात अवघे अडीच ते पाच सेंटिमीटर. मी ते 4 सेंटिमीटर ठेवले होते. आता हिशोब पाहा : नाकातील 4 किलो इंधन संपले की उरलेल्या 16 किलोंचा गुरुत्वमध्य 5 सेंटिमीटर मागे सरकतो. प्रत्यक्षात सुमारे 3.3 किलो इंधन जळताच माझी 4 सेंटिमीटरची शिल्लक संपत होती, आणि पन्हाळ्याला वळसा घालून परत येताना, जोतिबाच्या डोंगराच्या आसपास, विमान दर वेळी उलटत होते. मी वाऱ्याला दोष दिला, जॉयस्टिक बदलली, एलेव्हॉनची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या व विमान कलवणाऱ्या पंखामागच्या झडपांची, हालचाल कमी-जास्त करून पाहिली. आमच्या धंद्यातही कोअर, म्हणजे कास्टिंगमधील पोकळीसाठी साच्यात ठेवलेला गाभा, दोन मिलिमीटर सरकलेला असला तरी कास्टिंग बाहेरून सुबकच दिसते, आणि पातळ झालेली भिंत मशिनिंगच्या वेळी उघडी पडते. तरीही मला टाकीचा संशय आला नाही, याचे आजही हसू येते.

उपाय साधा आहे. प्लेन-मेकर या एक्स-प्लेनसोबतच्या विमान आखण्याच्या प्रोग्रॅममधील वजन आणि समतोलाच्या पानावर टाकी गुरुत्वमध्यावरच आणावी, आणि नाक जड करण्यासाठी बॅटरी, कॅमेरा यांसारखे उड्डाणात न घटणारे वजन पुढे न्यावे. त्यानंतर पहिली चाचणी भरल्या टाकीने न घेता जवळजवळ रिकाम्या टाकीने घ्यावी.

गेमला दोष देण्यापूर्वी तो काय करतो हेही पाहावे. एक्स-प्लेन पंखाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरील बल सेकंदाला अनेक वेळा मोजतो, त्यामुळे नव्या आकाराचे विमान त्यात आजमावता येते. फ्लाइटगिअर हा दुसरा सिम्युलेटर मोफत असला तरी त्यातील जेएसबीसिम या गणिताच्या पद्धतीला विमानाचे गुणांक, म्हणजे त्यावर हवेचे बल किती पडते हे सांगणारे आकडे, आधीच पुरवावे लागतात, आणि स्वतःच्या कल्पनेतील विमानाचे गुणांक आपल्याजवळ कोठून असणार? मात्र एक्स-प्लेनही आपण दिलेल्या माहितीवरच विश्वास ठेवतो. मोठ्या विमानासाठी तयार केलेला पंखाचा छेद, म्हणजे एअरफॉइल, लहान पंखाला लावला की तो फाजील उचल दाखवतो. सेकंदाला 20 मीटर वेगाने उतरताना माझ्या पंखाचा रेनॉल्ड्स अंक (पंखाची रुंदी, वेग आणि हवेची घनता व चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) जेमतेम 6 ते 7 लाख असतो, तेव्हा त्या पट्ट्यातील आणि मागची कड किंचित वर वळवलेला छेद घ्यावा. शिवाय खऱ्या पंखाचे वाकणे-डोलणे गेमच्या गणितात पुरेसे उतरेलच असे नाही. 75 मीटर पंखविस्ताराचे नासाचे हेलिऑस हे मानवरहित विमान 26 जून 2003 रोजी हवाई बेटांजवळ कोसळले, ते खळबळत्या हवेत त्याचा लवचीक पंख प्रमाणाबाहेर वाकून डोलू लागल्यामुळे. असा लांब, सडपातळ पंख आखणार असाल तर सिम्युलेटरमधील यशावर विसंबू नये.

काही जण सांगतील की, अस्थिर विमान संगणकाने सावरता येते. ते खरेच आहे : 1997 मध्ये नासा आणि मॅकडॉनल डग्लस यांचे शेपूट नसलेले एक्स-36 मूळचे अस्थिर होते, संगणकच त्याला सावरत होता, आणि वैमानिक जमिनीवर बसून नाकातील कॅमेऱ्याच्या चित्रावरून ते उडवत होता. आपल्याकडेही 1 जुलै 2022 रोजी चित्रदुर्ग येथे डीआरडीओच्या पंखाच्याच आकाराच्या मानवरहित विमानाने स्वयंचलित उड्डाण केले. परंतु पहिल्याच आराखड्यात तो मार्ग धरू नये, कारण विमान कोलमडले तर चूक वजनाची की नियंत्रणाच्या गणिताची, हे कळायला मार्ग उरत नाही.

टाकी हलवल्यानंतर माझे विमान शेवटच्या थेंबापर्यंत सरळ उडते. अडचण उरली आहे ती उतरण्याची. समुद्रसपाटीवर ताशी 45 किलोमीटरला स्टॉल होणारे, म्हणजे वेग कमी पडून उचल गमावणारे, हे विमान कोल्हापूर विमानतळाच्या उजळाईवाडीच्या धावपट्टीवर, सुमारे 600 मीटर उंचीवरच्या आणि वैशाखाच्या दुपारच्या विरळ हवेत, 49 च्या आसपासच स्टॉल होते. त्यात फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली वळवायच्या पंखाच्या झडपा, नाहीत, आणि जमीन दोन मीटरवर आली की विमान तरंगतच राहते. मी आता धावपट्टीच्या बऱ्याच अलीकडे इंजिन मंद करतो, तरी निम्म्या वेळा ठरवलेल्या खुणेच्या पुढेच उतरतो.