पहिल्यांदा प्रभुभोजन घेताना

प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या ख्रिस्ती विधीत, भाकर आणि द्राक्षारस घेण्यास आपण पात्र आहोत का, ही तुमची शंका रास्त आहे. मात्र तिचे उत्तर स्वतःच्या निर्दोषपणात शोधू नका, कारण ज्या रात्री येशूने भाकर मोडून शिष्यांना दिली, त्याच रात्री पुढे त्याला तीनदा नाकारणारा पेत्रही त्या मेजाशी बसला होता. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्र लिहून आत्मपरीक्षण करण्यास बजावले, ते तेथे काही जण आधीच खाऊनपिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत म्हणून. बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11वा अध्याय सबंध वाचावा, असा माझा आग्रह आहे. हे परीक्षण इतरांशी असलेल्या आपल्या वागण्याचे आहे, तेव्हा कोणाशी अबोला असेल, तर समेटाचे पाऊल आधी उचला.

ख्रिस्त या भाकरीत नेमका कसा उपस्थित असतो, यावर 1529 मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंगली या धर्मसुधारकांचेही एकमत झाले नाही. तो वाद तुम्ही पहिल्याच रविवारी सोडवावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. आपल्या मंडळीची शिकवण पाळकांकडून समजून घ्या. भाकर हाती आल्यावर घाई करू नका. ती मोडलेली आहे हे पाहा, ज्याने आपले शरीर तुमच्यासाठी दिले त्याचे स्मरण करा, आणि शेजारच्या माणसालाही तीच भाकर मिळाली आहे, म्हणजे तुम्ही दोघे एकाच शरीराचे अवयव आहात, हे ध्यानात घ्या. मन कोरडे वाटले तरी मागे फिरू नका, कारण ही कृपा तुमच्या भावनेवर नव्हे, देणाऱ्याच्या वचनावर अवलंबून असते. बाप्तिस्मा झाला नसेल, तर मात्र पाळकांशी आधी बोला.