थिवीहून ठाण्याला वयस्कर आईवडिलांसाठी वंदे भारत की जनशताब्दी? आणि ‘खिडकीची सीट’ घेऊन भिंत का येते?

तुमचा प्रश्न असा: डिचोलीहून थिवीला येऊन आईबाबांना दिवसाच्या गाडीने ठाण्याला न्यायचंय, बाबांचे गुडघे दुखतात, आईला खिडकी हवी. मागच्या वेळी खिडकीची पसंती देऊनही शेजारी नुसता पत्रा आला. मग वंदे भारत घ्यावी, तेजस की जनशताब्दीचा काचेच्या छताचा ‘विस्टाडोम’ डबा?

माझं उत्तर: पावसाळा नसेल तर वंदे भारतची साधी चेअरकार (खुर्च्यांचा वातानुकूलित डबा) घ्या. पावसाळ्यात जनशताब्दी. तेजस थिवीला थांबत नाही, करमळीला जावं लागतं, त्यामुळे तुमच्यासाठी ती बाजूलाच राहू दे.

आधी खिडकीचं. डब्याचा सांगाडा एकच असतो, पण वर्गानुसार खुर्च्यांची मांडणी वेगळी असते, सगळा घोळ तिथे आहे. वंदे भारतच्या एक्झिक्युटिव्ह डब्यात ५२ खुर्च्या, दोन-दोन अशा, म्हणजे १३ रांगा. चेअरकारमध्ये ७८ खुर्च्या, तीन-दोन अशा, म्हणजे साधारण १६ रांगा. डब्याची लांबी तीच, खिडक्यांमधलं अंतर मात्र सांगाड्याच्या खांबांनी ठरलेलं. १३ रांगांना जुळणाऱ्या खिडक्या १६ रांगांना जुळणारच नाहीत. बाहेरून काळी काच सलग दिसते म्हणून फसायला होतं. आत दोन काचांच्या मधे रुंद खांब असतो आणि काही रांगांचा खांदा नेमका त्या खांबाला लागतो. तेजस आणि इतर एलएचबी (जर्मन रचनेच्या नव्या डब्यांच्या) चेअरकारमध्येही हेच. बुकिंग करताना ‘खिडकी’ची पसंती दिली की संगणक फक्त भिंतीकडचा आकडा देतो. तिथे काच आहे की पत्रा, हे त्याला माहीत नसतं.

यावर उपाय असा की गाडीत चढल्यावर पुढच्या-मागच्या रांगेकडे नजर टाकायची. खांबाच्या रांगेच्या लगेच पुढे किंवा मागे बहुतेक वेळा पूर्ण काच मिळते. तुमच्या हातात दोन-तीन खुर्च्या असतील तर शेजाऱ्याशी अदलाबदल सोपी जाते. तिकीट तपासनीस येऊन गेल्यावर बोला, आधी नको.

थिवीहून उत्तरेला जाताना डावा हात पश्चिम. वंदे भारत थिवीला दुपारी सव्वातीननंतर येते, म्हणजे पुढचे दोन-तीन तास डाव्या खिडकीवर थेट ऊन. पडदा ओढावा लागला तर आईची खिडकी असून नसल्यासारखी. म्हणून उजवी बाजू बरी. सह्याद्रीच्या रांगाही तिकडेच दिसतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरीपर्यंतच उजेड मिळतो. सुदैवाने निवसर-रत्नागिरीमधला ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल त्याआधी येतो. रत्नागिरी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि मग अंधारच. म्हणजे खिडकीसाठी फार ओढाताण करायची ती पहिल्या अडीच तासांसाठी.

दुसरी गोष्ट तिकिटावर कुठेच छापलेली नसते. चेअरकारच्या खुर्च्या फिरत नाहीत. डब्याच्या अर्ध्या रांगा एका दिशेला, अर्ध्या उलट, आणि मधोमध दोन रांगा समोरासमोर, मधे टेबल. गाडी टोकाला पोहोचली की वळत नाही, तशीच उलटी धावते. म्हणून जाताना पुढे तोंड असलेली खुर्ची येताना मागे तोंड करते. उलटं बसून ज्याला मळमळतं त्याने एक्झिक्युटिव्ह घ्यावा, त्या खुर्च्या १८० अंशांत फिरतात. टेबलाजवळची जागा डबा उघडून जेवायला उत्तम, पण समोरच्याच्या पायांना पाय लागतात. बाबांचे गुडघे लांबवायचे असतील तर ती टाळा.

पाठ टेकण्याबाबत बरीच तक्रार होती आणि ती रास्त होती. सप्टेंबर २०२३ पासून निघालेल्या वंदे भारत गाड्यांत पाठीचा कल १७.३१ अंशांवरून १९.३७ अंश केला, गादीचा कडकपणा बदलला, हात धुण्याचं बेसिन खोल केलं, संडासातला दिवा दीडऐवजी अडीच वॅटचा केला, मोबाईल चार्जिंगची जागा हाताला लागेल अशी केली. आपली मुंबई-मडगाव वंदे भारत त्याआधी, २७ जून २०२३ ला सुरू झाली. त्यामुळे जुन्या रचनेचे डबे वाट्याला आले तर बेसिनमध्ये हात खोलवर धरा, नाहीतर पाणी शर्टावर उडतं. चार्जिंगसाठी खुर्चीखाली वाकून शोधावं लागतं. ते काम बाबांना करायला लावू नका, बसवतानाच वायर लावून द्या.

संडास विमानासारखे, हवेच्या ओढीने चालणारे आहेत. बटण एकदा दाबायचं आणि थांबायचं. पाणी थोडंच येतं. काम पाण्याच्या जोरावर नाही, नळीतल्या निर्वातावर चालतं. तो निर्वात पुन्हा तयार व्हायला काही सेकंद लागतात, म्हणून घाईने पुन्हा दाबलं तर काही होत नाही आणि बिघडलंय असं वाटतं. कागद, डायपर, बाटलीचं झाकण गेलं की नळी तुंबते आणि डब्यातला एक संडास शेवटपर्यंत बंद. आईबाबांना रत्नागिरीच्या आधीच जाऊन यायला सांगा. जेवण वाटल्यानंतर रांग लागते. चालायला फार त्रास असेल तर टोकाचा डबा, म्हणजे चालकाच्या केबिनला लागून असलेला ४४ खुर्च्यांचा, मिळतो का बघा. व्हीलचेअरची जागा आणि रुंद दाराचा संडास तिथेच असतो.

आता जनशताब्दी आणि तिचा विस्टाडोम. गाडी चांगली आहे, पण काचेच्या छताचं कोकण मार्गावर जेवढं कौतुक होतं तेवढं मला पटत नाही. डोक्यावर डोंगर असेल तर काचेचं छप्पर कामाचं: कुळे ते कॅसलरॉकच्या घाटात, जिथे ३७ मीटरला एक मीटर चढ आहे, तिथे ते शोभलं असतं. थिवी ते ठाणे या रस्त्यावर बघण्यासारखं सगळं बाजूच्या खिडकीतून दिसतं. वर आभाळ नाहीतर बोगद्याचा दगड. एप्रिल-मेमध्ये दुपारी डोक्यावर ऊन तापतं ते वेगळं. छत काचेचं असल्याने सामानाची फळी डोक्यावर नसते, बॅगा दाराजवळच्या मांडणीत ठेवाव्या लागतात; थिवीला उशिरा चढणाऱ्याला मांडणी भरलेली मिळण्याची शक्यता जास्त. टोकाला उभं राहून रूळ मागे पळताना बघायची काचेची खोलीही डबा गाडीच्या शेवटी असेल तरच उपयोगी. डबा इंजिनाला लागून असला तर समोर इंजिनाचा पत्रा.

जनशताब्दीचा खरा ऐवज म्हणजे वातानुकूलित नसलेला बसण्याचा डबा. पावसाळ्यात तो मला सगळ्यात आवडतो, आणि त्याला कारण आहे. बंद डब्याची काच आतून गार, बाहेर दमट गरम हवा. त्यामुळे थंड काचेवर बाहेरच्या बाजूने धुकं धरतं. प्रवासी आतून रुमालाने पुसत राहतात, पुसून काही जात नाही, कारण ओल पलीकडे आहे. बोगद्यात शिरलं की आणखी. जुलैत हिरवळ बघायला तिकीट काढून पांढरी काच बघत बसायचं, त्यापेक्षा उघडी खिडकी बरी. फक्त पाऊस वाऱ्याच्या बाजूने आला तर शटर पटकन ओढता येतं का, हे बसल्याबरोबर तपासा.

पावसाळ्यात वंदे भारत नको म्हणतो त्याला वेळापत्रकही कारणीभूत आहे. एरवी शुक्रवार सोडून सहा दिवस असलेली ही गाडी आजवर पावसाळी वेळापत्रकात तीनच दिवस धावली आहे आणि पावणेआठ तासांचा प्रवास दहा तासांच्या घरात जातो. कारण डोंगर कापून काढलेला मार्ग, दरडी आणि ओले बोगदे. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आल्याने सगळीच वाहतूक थांबली होती. शिवाय रायगड जिल्ह्यातल्या वीर स्थानकाच्या दक्षिणेला मार्ग एकेरी, म्हणून समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबावं लागतं. बंद दारांच्या गाडीत त्या वेळी खाली उतरून पाय मोकळे करता येत नाहीत.

धक्क्यांच्या बाबतीत मात्र वंदे भारत सरस आहे. इंजिन ओढत असलेल्या गाडीत डब्यांच्या जोडांमधली थोडी ढील सुटताना-थांबताना मागेपर्यंत पोहोचते, कंबरेला जाणवते. वंदे भारतचे डबे कायमच्या जोडांनी बांधलेले आणि निम्म्या आसांना (चाकांच्या दांड्यांना) मोटर, त्यामुळे ती एकसंध सुटते. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना हा फरक कळतो.

शेवटी दाराचं सांगतो, कारण थिवीला सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. थांबा दोनच मिनिटांचा. दारं आपोआप सरकतात, फलाटाच्या बाजूला पायरी पुढे येते आणि गाडी सुटण्याआधी ती परत आत जाते. तिच्यावर बॅग टेकवू नका. आपला डबा फलाटावर कुठे येतो आणि सीटचा आकडा कोणत्या टोकाच्या दाराला जवळ आहे हे आधीच विचारून ठेवा, कारण ही मूळची आठ डब्यांची छोटी गाडी मोठ्या गाडीच्या सवयीच्या जागी थांबत नाही. पाच मिनिटं आधी आपल्या डब्याच्या पाटीखाली उभे राहा. बाबांना आधी चढवा, मग आईला, बॅगा फलाटावरून हातात द्या. तुम्ही स्वतः तिकिटाशिवाय सोडायला जाणार असाल तर सीटपर्यंत जाऊ नका. दार बंद झालं की आतून उघडत नाही. ते चालकाच्या ताब्यात असतं आणि भिंतीवरचं आणीबाणीचं बटण दाबून त्याच्याशी बोलता येत असलं तरी या कारणासाठी गाडी थांबवायला सांगू नये. पुढचा थांबा कणकवलीचा, तिथून थिवीला परतायला दुसरी गाडी शोधावी लागेल.